रुग्णशय्येजवळ बसण्याची विद्या

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव मंडळानें मजकडे जो विषय सोंपविला आहे तो "आरोग्य आणि धर्म" असा आहे. विषय विस्तृत आहे आणि घड्याळ समोरच लाविलें आहे. यास्तव त्याचा एकच कोपरा मी आज हातीं घेणार आहें. रोग्यास औषध देणें हें वैद्याचें काम, त्याची शुश्रूषा करणें हें परिचारिकेचें काम आणि त्यास संस्कार देणें हें माझें काम, अशी कामांची वांटणी आपण करून ठेविली आहे. या वांटणींत चित्रकार, कथाकार व गवई यांस कोठेंच जागा नाहीं. त्यांची आठवण आपणांस सणासमारंभाच्या दिवशीं होते. घरांत कोणी अंथरुणास खिळलें कीं पुस्तक फळीवर जातें, पेटीवर फडकें पडतें आणि भिंतीवरील चित्राकडे कोणी पाहत नाहीं. हें योग्य आहे काय, इतकाच माझा प्रश्न आहे.

सभेंत डॉक्टरमंडळी बसली आहे, आणि आपल्या घराघरांतून परिचारिका झालेल्या भगिनीहि पुष्कळ आहेत. त्यांच्या विद्येस मी उणेपणा आणूं इच्छीत नाहीं. ती विद्या नसती तर आज येथें बसलेल्यांपैकीं कित्येक बसलेच नसते. चित्र पाहून ताप उतरतो किंवा ओवी ऐकून गांठ विरघळते असें मी म्हणणार नाहीं, आणि कोणी म्हणूं लागला तर त्यावर विश्वास ठेवूं नये. माझें म्हणणें निराळें आहे. रोगी बरा होवो अथवा न होवो, त्याच्या जवळ बसणाराला एक विद्या लागते, आणि ती विद्या वैद्यकाच्या ग्रंथांत सांपडत नाहीं. तिच्या शोधासाठीं तुम्हांस मी प्रथम पांचशें वर्षें मागें आणि बराच दूर नेणार आहें.

फ्रान्स देशाच्या पूर्व सीमेवर आल्सास नांवाचा प्रांत आहे. त्यांत कोल्मार शहराच्या दक्षिणेस इझेनहाइम नांवाचें एक लहान गांव असून तेथें पूर्वीं संत अंतोनीच्या संघाचा मठ होता व मठास जोडून रुग्णालय होतें. हा अंतोनी म्हणजे पादुआचा संत अंतोनी नव्हे, ज्याच्यापुढें आपण मंगळवारीं मेणबत्त्या लावितों. हा त्याच्याहून सुमारें नऊशें वर्षें पूर्वींचा, मिसर देशाच्या अरण्यांत तप करणारा अंतोनी. त्याच्या नांवाचा संघ अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्यें निघाला. काळ्या झग्यावर निळा क्रूस, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा, ही त्यांची खूण. त्यांचें मुख्य व्रत होतें एका रोगाची सेवा. त्या रोगास लोक "संत अंतोनीचा अग्नि" म्हणत.

नांव मोठें यथार्थ होतें. त्या थंड देशांत गरिबांची भाकर राय नांवाच्या धान्याची असे. पावसाळी वर्षीं रायच्या कणसावर एक बुरशी धरते आणि दाण्याच्या जागीं काळसर जांभळें, लहान शिंगासारखें कांहीं उगवतें. यास अर्गट म्हणतात. याच जातीचा रोग आपल्याकडे बाजरीवरहि पडतो, हें देशावरच्या शेतकऱ्यांस ठाऊक आहे. हें विष भाकरींतून पोटांत गेलें म्हणजे रक्तवाहिन्या आखडतात, हातापायांस रक्त पोंचत नाहीं, आंतून निखारे ठेविल्यासारखी आग होते, बोटें काळीं पडतात आणि शेवटीं अवयव वाळून गळून पडतात. दुसऱ्या कित्येकांस झटके येत व भलभलते भास होत. दोष भाकरीचा आहे हें सतराव्या शतकापर्यंत नीट उमगलें नव्हतें. तोंपर्यंत मनुष्य तीच भाकर खात असे आणि देवानें मला कशाची शिक्षा केली, असें विचारीत असे. (जातां जातां सांगतों: याच अर्गटापासून काढलेलें अर्गोमेट्रिन हें औषध प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविण्यास उपयोगी पडतें. सभेंतील परिचारिकांनीं तें कितीदां तरी हातीं धरलें असेल.)

असा रोगी मठाच्या दारीं आला म्हणजे त्यास मठवासी काय देत? चांगल्या धान्याची भाकर देत, आणि पुष्कळदां तोच खरा उपाय ठरे. डुकराच्या चरबींत वनस्पति घालून केलेलें मलम लावीत. संताच्या अवशेषांवरून ओतलेला द्राक्षरस पाजीत. सडलेला अवयव कापावा लागल्यास तेंहि करीत. आणि याखेरीज त्यास देवळांत आणून वेदीसमोर ठेवीत. या वेदीसाठीं मठानें एका चित्रकाराकडून चित्रें काढवून घेतलीं. त्याचें नांव माथिस, जगांत तो ग्रूनेवाल्ड या नांवानें प्रसिद्ध आहे. काम १५१२ ते १५१६ या वर्षांत झालें. आंतील लांकडी मूर्ति त्यापूर्वींच हागेनाउच्या निकलाउस नांवाच्या शिल्पकारानें कोरलेल्या होत्या. फळ्या कपाटाच्या दारांसारख्या उघडत व मिटत, त्यामुळें एकाच वेदीचे तीन देखावे होत.

दारें मिटलेलीं असतांना समोर दिसे तो क्रूसावरील ख्रिस्त. आपल्या देवळांतील क्रूसमूर्ति तुम्ही रोज पाहतां. अंग गोरें, चेहरा शांत, जखमा पांचच आणि त्याहि नीटनेटक्या. इझेनहाइमचा ख्रिस्त तसा नाहीं. त्याचें शरीर हिरवट पडलें आहे. सर्वांगावर फोड व ओरखडे असून त्यांत कांटे मोडून राहिले आहेत. हातांचीं बोटें झटका आल्याप्रमाणें ताठ व वांकडीं, पाय सुजलेले, ओंठ निळे. एका बाजूस शुभ्र वस्त्रांतली माता मूर्च्छा येऊन योहानाच्या हातांत कोसळत आहे. मग्दालेची मारिया गुडघे टेकून हात पिळीत आहे आणि तिच्याजवळ मलमाचें भांडें ठेविलें आहे. दुसऱ्या बाजूस बाप्तिस्मा करणारा योहान उभा राहून लांब बोटानें ख्रिस्ताकडे दाखवीत आहे. हा योहान त्या दिवसापूर्वींच मारला गेला होता. चित्रकारास तें ठाऊक नव्हतें असें समजूं नका. त्यास फक्त एक बोट हवें होतें, "इकडे पाहा" असें सांगणारें.

हें चित्र पाहून प्रवासी लोक म्हणतात कीं चित्रकारास कुरूपतेची आवड असावी. मला वाटतें, चित्र कोणासाठीं काढलें हें विसरल्यामुळें तसें वाटतें. तें प्रवाशांसाठीं काढलेलें नव्हते. ज्याच्या स्वतःच्या अंगावर तेच फोड, तोच हिरवा रंग, तींच वांकडीं बोटें आहेत अशा मनुष्याला खाटेवरून उचलून तेथें आणीत. गांवानें त्याच्याकडे पाठ फिरविलेली असे. वास येतो म्हणून घरचीं माणसें नाक धरीत. आणि येथें, देवळाच्या सर्वांत पवित्र जागीं, देवाच्या पुत्राच्या अंगावर त्याचीच कातडी होती. त्यानें बोट परत येत नसे. परंतु मी शापित आहें, देवानें मला वेगळें काढलें, ही जी दुसरी आग त्याला आंतून जाळीत असे, तिला तें चित्र उत्तर देई. मलमाचा उपयोग त्या दुसऱ्या आगीवर होत नव्हता.

सणाच्या दिवशीं दारें उघडीत; मग आंत वाद्यें वाजविणारे देवदूत, बाळ घेतलेली माता आणि थडग्यांतून प्रकाशाच्या वर्तुळांत वर उठणारा ख्रिस्त दिसे. कातडी आतां स्वच्छ झालेली, पण जखमांच्या खुणा कायम. आणखी एक दार उघडलें कीं अंतोनी संताची कोरलेली मूर्ति आणि तिच्या दोन्ही बाजूंस त्याच्या चरित्रांतील दोन प्रसंग. एकांत पिशाच्चें त्यास ओढीत व मारीत आहेत, आणि खालच्या कोपऱ्यांत पोट फुगलेला, फोडांनीं भरलेला एक जीव पडला आहे. त्यांत अनेक जाणत्यांनीं तोच रोग ओळखिला आहे. दुसऱ्या कोपऱ्यांत एक कागद चितारला असून त्यावर लॅटिनमध्यें अंतोनीची तक्रार लिहिली आहे. प्रभु त्या घटकेस कोठें होता आणि माझ्या जखमा बऱ्या करावयास धांवून कां आला नाहीं, असा तिचा अर्थ. बंधूंनो, याकडे नीट लक्ष द्या. मठवासी लोकांनीं ही तक्रार पुसून टाकिली नाहीं. "असें बोलूं नये, पाप लागतें," असें रोग्यास म्हटलें नाहीं. त्यांनीं ती वेदीवर लाविली.

उलट बाजूच्या प्रसंगांत दोन वृद्ध तपस्वी बोलत बसले आहेत आणि त्यांच्या पायांशीं झाडपाला उगवला आहे. तो शोभेसाठीं काढलेला नाहीं. ज्या वनस्पति औषधासाठीं वापरीत त्या ओळखूं येतील अशा बारकाईनें काढल्या आहेत. औषध आणि चित्र यांचें वैर त्या मठांत नव्हतें. आज ती वेदी कोल्मारच्या उंटरलिंडेन संग्रहालयांत आहे. तिची साफसफाई व दुरुस्ती होऊन तें काम २०२२ मध्यें पुरें झालें. तिच्यापुढें आतां खाटा येत नाहींत, तिकिटें घेतलेले प्रेक्षक येतात. हें होणारच होतें, तरी मला त्याचें थोडें वाईट वाटतें.

आतां आपल्या गांवीं परत येऊं. आपण आजाऱ्यास "पाहावयास" जातों. हा शब्द आपल्या भाषेनें फार चांगला निवडला आहे, परंतु आपण तेथें जाऊन काय पाहतों? सलाइनची बाटली पाहतों. रिपोर्टाचा कागद मागून तो उजेडाकडे धरतों, जणू कांहीं आपणांस त्यांतलें समजतें. कोणत्या डॉक्टरास दाखविलें, खर्च किती झाला, अमक्याच्या भावास असेंच झालें होतें व तो महिन्यांत गेला, हें सर्व त्याच्या उशाशीं बोलतों. हातांतील मोबाइल वाजला कीं बरें वाटतें, कारण उठावयास निमित्त मिळतें. त्या तोंडाकडे मात्र आपण पाहत नाहीं. पाहवत नाहीं हें खरें कारण होय. पाहवत नाहीं तें पाहावयास शिकविणें हाच इझेनहाइमच्या चित्रकाराचा धंदा होता. जो मनुष्य त्या चित्रापुढें अर्धा तास डोळे न फिरवितां बसूं शकतो, तो कर्करोगानें गाल पोखरलेल्या आपल्या चुलत्यापुढेंहि बसूं शकेल, अशी माझी खात्री आहे.

इयोबाच्या पुस्तकांतील मित्रांची तुम्हांस आठवण असेल. ते तिघे आले आणि सात दिवस व सात रात्रीं त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले. तेथपर्यंत त्यांच्यासारखे मित्र दुसरे नाहींत. मग त्यांनीं तोंडें उघडलीं आणि सर्व बिघडलें. उपदेश करण्याचा माझा धंदा असल्यामुळें ही कथा मला विशेष उपयोगी पडते.

पंधराव्या शतकांत, महामारीनें युरोपची वस्ती पुनःपुनः कापून काढिली होती आणि मरणाऱ्याजवळ पोंचावयास धर्मगुरु पुरे पडत नव्हते, त्या काळीं एक पुस्तक घरोघर पसरलें. लॅटिनमध्यें त्यास "आर्स मोरिएन्दी" म्हणतात, म्हणजे मरण्याची कला. त्याच्या लहान आवृत्तींत लांकडी ठशांचीं अकरा चित्रें आहेत, कारण वाचतां येणारे थोडे होते. खाटेवर मरणोन्मुख मनुष्य आणि त्याभोंवतीं त्याला सतावणारे पांच मोह: अश्रद्धा, निराशा, अधीरपणा, आपल्या पुण्याचा गर्व आणि घरदारपैशाची आसक्ति. प्रत्येक मोहाच्या चित्रानंतर त्यावरील धीराचें चित्र येतें, आणि अकराव्यांत त्याचा प्राण जातो. आसक्तीचें चित्र पाहिलें तर हंसूं येतें. घर, कोठार, घोडा आणि नातेवाईक सगळे खाटेभोंवतीं गर्दी करून उभे आहेत. सातबाराच्या उताऱ्यावर अंगठा घ्यावयास आलेली मंडळी मीं पाहिलेली असल्यामुळें मला तें चित्र परकें वाटत नाहीं.

हें पुस्तक मरणाऱ्यापेक्षां त्याच्याजवळ बसणाऱ्यांसाठीं अधिक आहे. त्याच्या विस्तृत आवृत्तींत एक कठोर इशारा आहे: रोग्यास बरें होण्याची खोटी आशा देऊं नका. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मसभेनें वैद्यांस आज्ञा केली कीं रोग्याकडे बोलाविलें असतां प्रथम त्यास आत्म्याचा वैद्य बोलावण्यास सांगावें. कारणहि त्या आज्ञेंतच दिलें होतें. रोग विकोपास गेल्यावर हा सल्ला दिला तर रोगी निराश होतो. म्हणून सर्वांस पहिल्याच दिवशीं द्यावा. आठशें वर्षांपूर्वींची ही व्यवहारदृष्टि पाहून मी थक्क होतों.

आणि आपण काय करितों? मी घरीं आलों कीं सून किंवा मुलगा ओटीवरच अडवितो आणि हळू आवाजांत सांगतो, "फादर, बाबांना कांहीं ठाऊक नाहीं हां. आम्हीं अल्सर सांगितलें आहे." आंत जातों तों बाबा माझ्या हातावर हात ठेवून पोरांस पाणी आणावयास पिटाळतात आणि म्हणतात, "फादर, मला सगळें कळलें आहे. पण पोरांना सांगूं नका, त्यांना सोसणार नाहीं." एका घरांत दोन बाजूंनीं एकच नाटक चाललें आहे आणि दोन्ही बाजूंचा सूत्रधार मी. प्रेमानेंच चाललेलें असतें, यांत शंका नाहीं. परंतु त्या प्रेमाच्या पायीं निरोप घेणें राहून जातें, क्षमा मागणें राहून जातें, भावाभावांतील वीस वर्षांचा अबोला तसाच थडग्यांत जातो.

रशियांतील ग्रंथकार टॉलस्टॉय यानें १८८६ मध्यें "इव्हान इलिचचा मृत्यु" ही कथा प्रसिद्ध केली. टॉलस्टॉय आपल्या पंथाचा नव्हता, आणि त्याच्या स्वतःच्या धर्मपीठानेंहि १९०१ मध्यें त्यास बाहेर काढलें. तथापि ही कथा प्रत्येक सेमिनरींत वाचली जावी असें माझें मत आहे. सेमिनरींत आम्ही मृत्यूची व्याख्या पाठ केली होती: आत्मा व शरीर यांचा वियोग. व्याख्या निर्दोष आहे. परंतु ज्याला मरण समोर दिसत आहे तो मनुष्य रात्रीं तीन वाजतां भिंतीकडे तोंड करून काय विचार करितो हें त्या व्याख्येंत बसत नाहीं. तें मला या कथेंत भेटलें. इव्हान इलिच हा मोठा न्यायाधीश. नव्या घराचे पडदे लावतांना घसरतो, कुशीस मार लागतो, आणि त्या क्षुल्लक दुखण्यांतून हळूहळू मरण येतें. डॉक्टर मूत्रपिंडाची चर्चा करितात. बायको औषधाच्या वेळा मोजते. सर्वजण म्हणतात, होईल बरें. वेदनेहून हें खोटेपण त्यास अधिक जाचतें. घरांत एकच मनुष्य खोटें बोलत नाहीं, तो म्हणजे गेरासिम नांवाचा खेडवळ नोकर. तो मालकाची घाण काढितो, आणि पाय उंच धरले म्हणजे मालकास बरें वाटतें म्हणून रात्ररात्र त्याचे पाय आपल्या खांद्यांवर घेऊन बसतो. आपण सगळेच मरणार, मग एवढा त्रास घेतला तर काय बिघडलें, असा त्याचा साधा हिशेब. त्यानें कोणताहि उपदेश केलेला नाहीं. परिचारिकांच्या शिक्षणांत या पायांचा धडा असावा.

सत्य सांगावें म्हणजे धोंडा मारावा असें नव्हे. मनुष्य किती ऐकूं इच्छितो हें त्याच्या प्रश्नावरून कळतें. त्यानें विचारिलें तेवढें सांगावें, विचारिलें नाहीं तर वाट पाहावी, पण विचारिलें असतां लबाडी करूं नये. "काय वाटतें तुम्हांला?" एवढें विचारून गप्प बसलें तरी पुष्कळदां तो स्वतःच सर्व सांगतो.

आपल्या भाषेकडे येतों. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्यें गोव्यास आला आणि १६१९ मध्यें वारला. तेथील लोकांत चाळीस वर्षें राहिला. त्याचें ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें: सुमारें अकरा हजार ओव्या, आणि भाषा मराठी. नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांनीं पुराण ऐकण्याची आपली जुनी संवय सांगितली आणि तसेंच कांहीं आम्हांस द्या म्हटलें, तेव्हां त्यानें त्यांना व्याकरणशुद्ध प्रबंध न देतां ओवी दिली. ती देवळांतून वाचली जाई, लोक तोंडपाठ म्हणत. गद्य कोणाच्या तोंडीं राहत नाहीं, ओवी राहते. रुग्णशय्येपाशीं मीं हें पुष्कळदां पाहिलें आहे. ज्या आजीला मुलाचें नांव आठवत नाहीं, तिच्याजवळ बाळपणींचें गीत धरलें कीं ओंठ हलूं लागतात. वाचा गेलेल्याचीं बोटें रोझरीच्या तालावर चादरीवर सरकतात. स्मृति हरपलेल्या रोग्यांत गाणें शब्दांपेक्षां मागाहून जातें, हें आतां वैद्यहि मान्य करितात. आपल्या घरांत इंग्रजी प्रार्थना वाढल्या आहेत, त्यास माझी हरकत नाहीं. परंतु ज्याने आयुष्यभर देवाशीं वाडवळी किंवा सामवेदी बोलींत भांडण केलें त्याला शेवटच्या रात्रीं परक्या भाषेंत निरोप देऊं नका.

एका गोष्टीविषयीं गैरसमज राहूं नये. ख्रिस्तानें क्रूसावर वेदना सोसल्या म्हणून रोग्यानेंहि सोसाव्या, वेदनेचें औषध घेणें ही कमी श्रद्धा, असें कांहीं घरांतून म्हणतात. मॉर्फिन म्हटलें कीं कपाळास आठ्या पडतात. इझेनहाइमच्या मठवाशांनीं आधीं मलम लाविलें व मग चित्र दाखविलें, हा क्रम लक्षांत असूं द्या. पोप पायस १२ वे यांनीं २४ फेब्रुवारी १९५७ रोजीं भूलतज्ज्ञ वैद्यांपुढें स्पष्ट सांगितलें कीं दुसरा उपाय नसेल तर वेदना शमविण्यासाठीं असें औषध द्यावें, मग त्यामुळें आयुष्य थोडें कमी झालें तरी तें निषिद्ध नाहीं. कारण हेतु वेदना मारण्याचा असतो, मनुष्य मारण्याचा नव्हे. वेदनेनें तळमळणाऱ्यास चित्रहि दिसत नाहीं आणि देवहि दिसत नाहीं.

सिसिली साँडर्स या बाईंनीं हें दोन्ही एकत्र आणिलें. त्या आधीं परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटीं डॉक्टर झाल्या. १९६७ मध्यें त्यांनीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलें. रोग्याची वेदना ही शरीराची, मनाची, घरच्या काळजीची आणि आत्म्याची अशी चारपदरी असते, असें त्यांनीं रोग्यांचें ऐकून ऐकून ठरविलें. औषध वेळेवर आणि वेदना येण्यापूर्वींच द्यावें हा त्यांचा नियम. आणि भिंतींवर मारियान बोहुश-शिश्को या पोलिश चित्रकारानें काढलेलीं ख्रिस्ताचीं चित्रें. पुढें १९८० मध्यें त्यांनीं त्या चित्रकाराशींच विवाह केला. आपल्या देशांतील पहिलें असें घर, शांती आवेदना सदन, १९८६ मध्यें वांद्र्यास सुरू झालें. तें आपल्यापासून फार दूर नाहीं.

आतां माझ्या कामाविषयीं दोन शब्द. आपले आजेपणजे ज्याला "शेवटला अभ्यंग" म्हणत तो संस्कार आज रुग्णांचा अभ्यंग आहे. पोप पॉल ६ वे यांनीं १९७२ मध्यें त्याचा विधि नवा करून दिला. तो मरणाऱ्यासाठींच राखून ठेविलेला नाहीं. गंभीर आजारी, मोठ्या शस्त्रक्रियेस जाणारा, वार्धक्यानें खचलेला, या सर्वांसाठीं आहे. तरीहि मला बोलावणें येतें तें श्वास लागल्यावर. "आधीं बोलाविलें असतें तर त्यांनीं धसका घेतला असता," असें म्हणतात. यमदूत म्हणून माझी ही ख्याति तुम्हीं केली आहे, मी नव्हे. जो फादर एरवीं कधीं येत नाहीं, फक्त शेवटच्या तासाला येतो, त्याला पाहून कोणीहि धसका घेईल. मला तापांत बोलवा, पाय मोडला असतां बोलवा. मग शेवटच्या वेळीं मी आलों तर नवल वाटणार नाहीं. आणि परमप्रसाद गिळतां येत असतांनाच द्यावयाचा असतो. त्यास जुन्या लोकांनीं वाटेची शिदोरी म्हटलें आहे, ती गाडी सुटल्यावर देऊन काय उपयोग?

सभा संपल्यावर सर्वांनीं मागील भिंतीकडे जावें. इझेनहाइमच्या वेदीची छापील प्रत तेथें लाविली आहे, तिन्ही देखावे एकाखालीं एक. मुलांस घेऊन जाण्यास हरकत नाहीं; भीति वाटली तर वाटूं द्या, जवळ उभे राहा. महोत्सवाच्या खर्चांतून उरलेल्या रकमेची कांहीं पुस्तकें घेण्याचें मंडळानें मान्य केलें आहे. ज्यांस आठवड्यांतून एक तास आजाऱ्याजवळ बसतां येईल त्यांनीं आपलीं नांवें कार्यालयांत द्यावीं. बोलण्याची कला नसली तरी चालेल. वाचतां येणारीं व गातां येणारीं मुलें हवीं आहेत, दोघां-दोघांच्या जोडीनें पाठवूं. पहिलें घर कोणतें हें मीं ठरविलें आहे. त्या घरच्या आजीबाईंची एकच अट आहे, वाचणाऱ्याचा आवाज मोठा असावा, कारण त्यांना उजव्या कानानें ऐकूं येत नाहीं.